आर्क्टिक समुद्रातील जुने शिंपले आणि कार्बन-१४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा विज्ञानाचा वर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात मी तेथे आर्क्टिक समुद्रातील शिंपल्यांविषयी बोललो आणि एका बैठकीत संपेल असे वाटलेला विषय पुढे चार बैठकांना पुरला. विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि शेजारच्या गावांतील शिक्षकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न उत्तरांसह येथे दिले आहेत.

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्यांनी या विषयात का शिरावे?

आमच्या गावाहून पूर्वेला जा किंवा पश्चिमेला, समुद्र पाचशे किलोमीटरहून दूरच आहे. पण आमची पऱ्हाटी आणि तूर ज्या पावसावर उभी राहते, तो पाऊस समुद्रावरूनच येतो. शेवटच्या हिमयुगात उत्तर अटलांटिक ज्या ज्या वेळी एकाएकी थंड पडला, त्या त्या वेळी आपला मोसमी पाऊसही क्षीण झाला होता, असे अरबी समुद्राच्या तळातील गाळावरून दिसून आले आहे. त्यामुळे ध्रुवाकडचा समुद्र पूर्वी कसा वागला, हा आपल्यासाठी परका विषय नाही. आर्क्टिकच्या खोल पाण्याचे तापमान पहिल्यांदा पद्धतशीरपणे मोजले गेले ते नॉर्वेचे ध्रुवसंशोधक नान्सेन यांच्या १८९३ ते १८९६ च्या मोहिमेत. त्याआधीच्या हजारो वर्षांचे काही जाणून घ्यायचे असेल, तर समुद्राने मागे ठेवलेल्या वस्तूंकडेच वळावे लागते आणि त्यांत शिंपला फार मोलाचा आहे.

शिंपल्यात कार्बन कोठून येतो आणि त्यावरून वय कसे कळते?

अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन निर्माण होतात, ते नायट्रोजनच्या अणूंवर आदळतात आणि त्यातून कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन तयार होतो. त्याचे प्रमाण अत्यल्प असते : साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक. ऑक्सिजनशी संयोग होऊन तो कर्बवायूच्या रूपाने हवेत मिसळतो, हवेतून समुद्राच्या पाण्यात विरघळतो आणि शिंपल्यातील जीव त्याच पाण्यातून कवचासाठी लागणारा बहुतेक सर्व कार्बन घेतो. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या चुन्याचेच द्रव्य.

कवच एकदा घडले की त्यात नवा कार्बन शिरत नाही आणि असलेला कार्बन-१४ ठरावीक गतीने क्षय पावतो. ५,७३० वर्षांनी तो निम्मा राहतो, ११,४६० वर्षांनी पाव आणि १७,१९० वर्षांनी एक अष्टमांश. सुमारे पन्नास हजार वर्षांनंतर उरलेला अंश इतका थोडा असतो की त्यापुढे ही पद्धत चालत नाही. शिकागो विद्यापीठातील विलर्ड लिबी यांनी ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली आणि त्यासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत ‘इतक्या वर्षांपूर्वी’ असे म्हटले, की ती वर्षे १९५० पासून मागे मोजलेली असतात.

आर्क्टिकमध्ये जुने शिंपले नेमके कोठे सापडतात?

बरेचसे शिंपले समुद्रात सापडत नाहीत, तर जमिनीवर, किनाऱ्यापासून बऱ्याच उंचीवर सापडतात. हिमयुगात नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर आणि कॅनडाच्या उत्तर भागात बर्फाचे प्रचंड थर होते व त्यांच्या भाराने खालची जमीन दबली होती. बर्फ वितळला, पण दबलेली जमीन लगेच वर आली नाही. ती हजारो वर्षे सावकाश उचलली जात राहिली आणि काही ठिकाणी आजही उचलली जात आहे. त्यामुळे जुन्या किनाऱ्यांच्या पुळणी आज डोंगरउतारावर पायऱ्यांसारख्या एकावर एक दिसतात. कॅनडाच्या उत्तरेत काही पुळणी आजच्या समुद्रपातळीहून दोनशे मीटरपेक्षाही उंच आहेत. या जुन्या किनाऱ्यांवर आणि समुद्रतळाच्या उचललेल्या चिखलात हायटेला आर्क्टिका, मिया ट्रंकाटा यांसारखे शिंपले मिळतात. दोन्ही झडपा जुळलेल्या स्थितीत आणि जिवंतपणी चिखलात उभा होता तसाच उभा असलेला शिंपला मिळाला, तर अभ्यासकाला त्याची विशेष किंमत वाटते, कारण तो दुसरीकडून वाहत आलेला नाही याची खात्री असते.

दुसरे ठिकाण म्हणजे समुद्राचा तळ. जहाजावरून लांब नळी गाळात खुपसून गाळाचा उभा दंडगोल वर काढतात आणि त्याच्या निरनिराळ्या थरांतील शिंपले व फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचे वेचतात.

प्रयोगशाळेने सांगितलेले वय जसेच्या तसे खरे मानावे का?

नाही. या संपूर्ण विषयाचे मर्म मला येथेच दिसते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

जुन्या वाड्यांत ज्वारीचे पेव असे. वरच्या थरात दरवर्षी नवी ज्वारी पडे आणि तळाची ज्वारी कित्येक वर्षे तशीच राही. पेव तळापासून ढवळून त्यातले पसाभर धान्य दळले, तर भाकरी आजची असली तरी तिच्यातला दाणा सरासरीने काही वर्षे जुना असणार. समुद्राचे तसेच आहे. पृष्ठभागावरचे पाणी हवेतून ताजा कार्बन-१४ घेते, पण शेकडो वर्षे हवेचा स्पर्श न झालेले खोल पाणी खालून येऊन त्यात मिसळते आणि खोल पाण्यातल्या कार्बन-१४ चा काही भाग तोपर्यंत क्षय पावलेला असतो. परिणामी समुद्रात आज जिवंत असलेला प्राणीही कार्बन-१४ च्या हिशेबाने काही शतके ‘जुना’ ठरतो. ही वाढ पूर्वी जगभरासाठी सरासरी सुमारे चारशे वर्षे धरत असत.

आर्क्टिकमध्ये या पेवाचे तोंडही पुष्कळदा बंद असते. समुद्रावर बर्फाचे आवरण असेल तर हवेतला ताजा कार्बन पाण्यात नीट उतरत नाही. शिवाय अटलांटिकचे पाणी आणि आशिया व अलास्का यांच्यामधल्या बेरिंगच्या सामुद्रधुनीतून येणारे पॅसिफिकचे पाणी यांच्या वयांत बराच फरक असतो, कारण पॅसिफिकच्या उत्तर भागात फार जुने खोल पाणी वर येते. मॅंगरुड आणि गुलिक्सन या नॉर्वेच्या अभ्यासकांनी १९७५ मध्ये जुन्या संग्रहांतील शिंपले तपासले, तेव्हा नॉर्वेच्या किनाऱ्यावर ही वाढ सुमारे ४४० वर्षे, स्वालबार्डमधील स्पिट्सबर्गेन बेटावर ५१० वर्षे आणि कॅनडातील एल्समेअर बेटाजवळ ७५० वर्षे भरली. याचा अर्थ असा, की एकाच वर्षी मेलेले दोन शिंपले केवळ ठिकाण वेगळे असल्यामुळे एकमेकांहून तीनशे वर्षे लहान-मोठे दिसू शकतात.

म्हणून प्रयोगशाळेचा आकडा ही दोन वयांची बेरीज असते. शिंपला मेल्याला किती काळ लोटला हे एक वय, आणि तो ज्या पाण्यात वाढला ते पाणी हवेपासून किती काळ तुटलेले होते हे दुसरे.

मग ही वाढ वजा कशी करतात?

ज्याच्या मृत्यूचे साल आधीच ठाऊक आहे, असा शिंपला तपासून. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात ध्रुवाकडे गेलेल्या मोहिमांनी जिवंत शिंपले गोळा करून त्यांवर ठिकाण आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या व ते संग्रहालयांत ठेवले. ज्यांनी ते वेचले, त्यांना कार्बन-१४ चे नावही ठाऊक नव्हते, पण त्यांच्या नेटक्या चिठ्ठ्यांमुळेच आजचा हिशेब शक्य झाला आहे.

असे शिंपले १९५० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचेच लागतात. त्यानंतर उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ इतका वाढला, की १९६३ च्या चाचणीबंदी कराराच्या सुमारास उत्तर गोलार्धात तो नैसर्गिक प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. त्या काळानंतरच्या शिंपल्यावरून पाण्याचे मूळ वय काढता येत नाही.

जगाच्या सरासरीसाठी कार्बन-वयावरून खरे वय काढण्याचा एक प्रमाण-वक्र, म्हणजे आलेख, असतो आणि स्थानिक फरक त्यात मिळवतात किंवा त्यातून वजा करतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मरीन-२०’ या वक्राच्या कर्त्यांनी स्वतःच बजावले आहे, की ध्रुवीय समुद्रांसाठी, विशेषतः हिमयुगाच्या काळासाठी, तो सरळ वापरू नये. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो आणि वर्गात मी तो आवर्जून सांगतो.

वय चुकीचे दाखवणाऱ्या शिंपल्यावरून समुद्राची माहिती कशी काय मिळणार?

हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीने विचारला आणि वर्गात आलेल्या सर्व प्रश्नांत मला तो सर्वांत चांगला वाटला. बेरजेतील एक संख्या दुसऱ्या मार्गाने कळली, तर दुसरी आपोआप निघते. शिंपला केव्हा मेला हे कार्बन-१४ ची मदत न घेता ठरवता आले, तर उरलेली वाढ म्हणजे त्या काळच्या पाण्याचे वय. त्या पाण्याचे वय कळले, की ते कोणत्या महासागरातून आले, त्यावर बर्फाचे आवरण होते का आणि खालचे पाणी वर येत होते का, यांविषयी अनुमान करता येते. वय काढणारा ज्याला अडचण समजतो, समुद्राचा अभ्यासक त्याच्याच शोधात असतो.

यासाठी सर्वांत सुंदर साधन म्हणजे आर्क्टिका आयलँडिका हा शिंपला. नावात आर्क्टिक असले तरी तो मुख्यतः उत्तर अटलांटिकचा रहिवासी आहे. झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय पडते, तशी त्याच्या कवचात वर्षाला एक रेषा पडते, आणि तो शेकडो वर्षे जगतो. आइसलँडच्या उत्तरेला २००६ मध्ये मिळालेल्या एका शिंपल्याच्या रेषा मोजल्यावर त्याचे वय ५०७ वर्षे भरले, म्हणजे तो १४९९ च्या सुमारास जन्मला होता. जिवंत शिंपल्याच्या रेषांचा जाड-बारीक क्रम मेलेल्या शिंपल्याच्या क्रमाशी, त्याचा त्याहून जुन्याशी, असा जुळवत अभ्यासक तेराशेहून अधिक वर्षे मागे गेले आहेत. प्रत्येक रेषेचे साल ठरलेले असल्यामुळे तिच्यातील कार्बन-१४ मोजला, की त्या सालच्या पाण्याचे वय हाती येते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात दिसले, की मध्ययुगातील उबदार शतकांत आइसलँडच्या उत्तरेला अटलांटिकचे तुलनेने तरुण पाणी पोहोचत होते आणि पुढे थंड पडलेल्या शतकांत त्याची जागा आर्क्टिककडून येणाऱ्या अधिक जुन्या पाण्याने घेतली.

दुसरा मार्ग ज्वालामुखीच्या राखेचा. अलास्कातील अनियाकचक ज्वालामुखीचा सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी मोठा स्फोट झाला आणि त्याची सूक्ष्म राख बेरिंगच्या उत्तरेकडील चुकची समुद्राच्या तळावरील गाळातही सापडली. राखेचे वय जमिनीवरील पुराव्यांवरून ठाऊक असल्याने गाळात तिच्या आसपासच्या शिंपल्यांचे कार्बन-वय तिच्याशी ताडून पाहता आले. तेथे जगाच्या सरासरीपेक्षा आणखी सुमारे पावणेपाचशे वर्षांची वाढ निघाली, आणि पॅसिफिकचे जुने पाणी तेव्हाही बेरिंगमधून आत येत होते, याच्याशी ती सुसंगत आहे.

तिसरा मार्ग खोल समुद्राचा आहे. एकाच थरातील, पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या आणि तळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या वयांतील फरक पाहिला, तर तळाचे पाणी किती काळ कोंडून राहिले होते ते कळते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार शेवटच्या हिमयुगात नॉर्वेजियन समुद्राच्या खोल पाण्याचे वय काही वेळा दहा हजार वर्षांपर्यंत गेले होते, म्हणजे वरचे पाणी आज ज्या जोमाने खाली उतरते, तसे तेव्हा उतरत नव्हते.

पूर्वी समुद्र उबदार होता हे शिंपल्यांवरून कळते का?

कळते, आणि त्यासाठी कोणती जात कोठे राहू शकते एवढे माहीत असले तरी पुष्कळ काम होते. निळा शिंपला, म्हणजे मायटिलस एड्युलिस, फार थंड पाण्यात टिकत नाही. स्वालबार्डच्या उंचावलेल्या किनाऱ्यांवर त्याची कवचे सापडतात आणि कार्बन-१४ ने दाखवले, की तो सुमारे ११,००० वर्षांपूर्वी तेथे येऊन पोहोचला होता. त्याहूनही ऊब लागणाऱ्या झिर्फिया क्रिस्पाटा या जातीचे शिंपलेही तेथे मिळाले. मॅंगरुड आणि स्वेंडसेन यांनी २०१८ मध्ये या सर्व पुराव्यांवरून मांडले, की १०,२०० ते ९,२०० वर्षांपूर्वी स्वालबार्डभोवती आजच्यापेक्षा सुमारे सहा अंश सेल्सियस अधिक ऊब होती. पुढे समुद्र थंडावला आणि निळा शिंपला तेथून नाहीसा झाला. जवळजवळ हजार वर्षांच्या अनुपस्थितीनंतर २००४ मध्ये तो स्वालबार्डला पुन्हा जिवंत आढळला.

यावर ‘म्हणजे आजची तापमानवाढही नैसर्गिकच ना?’ असे हमखास विचारले जाते. त्या काळी पृथ्वीच्या कक्षेतील फेरबदलांमुळे उत्तरेकडे उन्हाळ्यात आजच्यापेक्षा जास्त सूर्यप्रकाश पडत होता. आज तो तितका पडत नाही, तरी समुद्र तापतो आहे, आणि त्याचे कारण आपण जाळलेल्या इंधनाचा कर्बवायू आहे. दोन्ही वेळी ऊब आली म्हणून दोन्हींचे कारण एक ठरत नाही.

कवचातील ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरूनही तापमान काढतात. मात्र बर्फ वितळून आलेल्या पाण्यात हलका ऑक्सिजन अधिक असल्याने हिमनद्यांच्या मुखाशी वाढलेले शिंपले या कामात फसवू शकतात.

कोणत्याही जातीचा शिंपला चालतो का?

नाही. पाण्यात तरंगणारे कण गाळून खाणारे शिंपले सर्वांत विश्वासार्ह असतात. वर आलेले हायटेला आणि मिया हे त्याच प्रकारचे आहेत. पोर्टलँडिया आर्क्टिका हा शिंपला मात्र तळाच्या चिखलात राहून चिखलातलेच खातो. तो चिखल जुन्या चुनखडकाच्या भुकटीचा असेल, तर त्यातला कोट्यवधी वर्षांचा, कार्बन-१४ न उरलेला कार्बन त्याच्या कवचात उतरतो आणि चुनखडकाच्या प्रदेशांत त्याचे वय शेकडो वर्षांनी, काही ठिकाणी हजाराहूनही अधिक वर्षांनी जास्त दिसते. कॅनडाच्या आर्क्टिकमधील बर्फ केव्हा मागे हटला, याच्या काही जुन्या तारखा यामुळे पुन्हा तपासाव्या लागल्या.

वणीकडच्या वाचकांना हे लगेच पटेल. तेथे चुनखडकातून झिरपलेले पाणी तापवले, की भांड्याला पांढरा थर धरतो. अशा पाण्यात वाढलेल्या गोगलगायीच्या शंखातही खडकातला जुना कार्बन असतो आणि तिचे कार्बन-वय तिच्या खऱ्या वयापेक्षा जास्त निघते.

केवळ शिंपल्यांवरच विसंबतात का?

नाही, देवमाशांची हाडे आणि वाहून आलेली लाकडेही पाहतात. बोहेड देवमासा समुद्रबर्फाच्या कडेने फिरतो, म्हणून कॅनडातील बेटांच्या जुन्या किनाऱ्यांवर त्याची हाडे कोणत्या काळातली मिळतात, यावरून तेथील जलमार्ग केव्हा मोकळे होते हे ठरवले गेले आहे. सैबेरियातून वाहून आलेल्या लाकडाची गंमत अशी, की झाड जमिनीवर वाढलेले असल्याने त्याच्या वयात समुद्राची ती वाढ नसते, आणि त्यामुळे त्याच किनाऱ्यावरच्या शिंपल्याशी त्याची तुलना करता येते.

प्रयोगशाळेत शिंपल्याचे काय करतात?

आधी त्याचे बाहेरचे थर सौम्य आम्लाने झिजवून टाकतात, कारण बाहेरची अशुद्धी तेथेच जास्त असते. मूळ स्फटिकरचना बदललेली नाही ना, हे क्ष-किरणांनी तपासतात. मग फॉस्फरिक आम्लात विरघळवून निघालेल्या कर्बवायूचे ग्रॅफाइट करतात आणि एएमएस नावाच्या यंत्रात कार्बन-१४ चे अणू प्रत्यक्ष मोजतात. पूर्वी बरेच ग्रॅम कवच लागे, आता काही मिलिग्रॅम पुरतात, म्हणूनच इवल्याशा फोरॅमिनिफेरांचे वय काढणे शक्य झाले.

आमच्या विहिरीच्या खोदकामात दगड झालेले शंख निघाले. त्यांचे वय असे काढता येईल का?

यवतमाळ, वर्धा, नागपूर या भागांत लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात गोड्या पाण्यातील फायसा गोगलगायींचे शंख मिळतात. नागपूरला राहिलेले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच या थरांचा अभ्यास केला होता. हे शंख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि पुष्कळदा मूळ कवचाच्या जागी गारगोटीचे द्रव्य आलेले असते. एवढ्या काळात कार्बन-१४ ची अकरा हजारांहून अधिक अर्धायुष्ये, म्हणजे तो निम्मा होण्याचे ५,७३० वर्षांचे टप्पे, उलटून गेली, त्यामुळे त्यात मोजण्यासारखे काहीच उरलेले नाही. वणी आणि चंद्रपूरच्या दगडी कोळशाचेही तेच.

तरीही असा नमुना कोणी तपासायला दिला आणि त्यात एक टक्का आजचा कार्बन मिसळलेला असला, तर यंत्र सुमारे ३७,००० वर्षे असा आकडा देईल. तो आकडा शंखाचा नसून त्याला चिकटलेल्या मळाचा असेल. म्हणूनच प्रयोगशाळा अधूनमधून कॅरारा संगमरवरासारखा, कार्बन-१४ अजिबात नसलेला नमुना चालवून आपले यंत्र आणि आपली प्रक्रिया किती स्वच्छ आहे ते पाहतात.

भारतात हे काम होते का?

होते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत कार्बन-१४ वर दीर्घकाळ काम झाले आहे. तेथील शास्त्रज्ञांनी १९३० ते १९५४ या काळात गोळा केलेल्या सात शिंपल्यांवरून उत्तर हिंदी महासागरासाठी स्थानिक फरक काढला आणि तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात एएमएसची सोय आहे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या वतीने स्वालबार्डच्या नी-ऑलेसुंद येथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र चालते.

शाळेने शिंपले जमवायचे ठरवले तर काय काळजी घ्यावी?

नदीवर जाऊन वैनगंगा, वर्धा किंवा पैनगंगेचे शिंपले जरूर जमवावेत. ते धुताना साबण लावू नये, चमक यावी म्हणून त्यांवर वार्निश किंवा गोंद चढवू नये, कारण त्यांत परका कार्बन असतो. प्रत्येक शिंपल्याची वेगळी पुडी बांधावी आणि आत चिठ्ठी ठेवावी : नदीचे व गावाचे नाव, तारीख, पाण्यात मिळाला की दरडीत, दरडीत असल्यास वरून किती हात खाली, जीव आत होता की नुसते कवच, आणि दोन्ही झडपा जुळलेल्या होत्या की सुट्या. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण शाई ओलीने पसरते आणि पेन्सिलीचे अक्षर राहते.